बातमीचा धनी

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये, विधानसभेच्या प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात, 'लोकमत', 'पुढारी' आणि 'महाराष्ट्र टाइम्स' या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं गुणगान करणारा एक लेख आला. तिन्हीकडे मजकूर जवळजवळ शब्दशः एकच होता. ही जाहिरात आहे असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. त्याच काळात 'अशोक पर्व' नावाच्या रंगीत पुरवण्याही निघत होत्या. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'साठी हा सगळा मजकूर गोळा केला, तेव्हा एका उमेदवाराच्या भलावणीची किमान ४७ पूर्ण पानं त्यांच्यासमोर होती. चव्हाणांनी निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात मात्र वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये होता आणि केबल टीव्हीवरचा ६,०००.

पुढची पाच वर्षं हे प्रकरण आयोग आणि न्यायालयं यांच्यात फिरत राहिलं. भोकर मतदारसंघातले पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांची तक्रार होती. खर्चाचा हिशेब खरा आहे की खोटा हे तपासण्याचा अधिकारच आयोगाला नाही, असा चव्हाणांचा मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी तो फेटाळला. जुलैमध्ये आयोगाने चव्हाणांनी हिशेब नियमाप्रमाणे दिला नसल्याचा निष्कर्ष काढला, आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. वृत्तपत्रांनी हा मजकूर आपणहून छापला, पैशांचा व्यवहार झालाच नाही, ही बचावाची बाजू पहिल्यापासून होती. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटलं. ज्याने ती पानं बातमी समजून वाचली, त्या वाचकाचं काय, हा प्रश्न कोणत्याही टप्प्यावर कुणासमोरच नव्हता. कारण त्या खटल्यात वाचक पक्षकार नव्हता.

वृत्तमाध्यमांच्या पक्षपाताबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं, पण ते बहुधा एकाच रेषेत फिरतं: हे वाहिनीवाले सरकारचे, ते विरोधकांचे. माझ्या मते ही रेषा चुकीच्या जागी ओढलेली आहे. वृत्तपत्राला बाजू असण्यात गैर काही नाही. मराठी पत्रकारितेतला मोठा भाग बाजू घेऊनच उभा राहिला. बाजू कुणाची, तिचे पैसे कोण देतो आणि वाचकाला ते कळतं का, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वाचकापासून पद्धतशीर दूर नेली गेली आहेत.

इतिहासातून याचे दाखले सहज मिळतात. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं आणि एकोणपन्नास वर्षांनी, ४ जानेवारी १८८१ ला, 'केसरी'. केसरीचे पहिले संपादक आगरकर. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर त्यांचे आणि टिळकांचे मतभेद इतके वाढले, की १८८७ मध्ये त्यांनी केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. पत्राचं धोरण चालवणारी मंडळी आणि संपादक यांच्यातला हा मराठीतला पहिला ठळक संघर्ष असावा, आणि तो वाचकांसमोर उघडपणे लढला गेला. केसरीचं मत काय आणि सुधारकाचं काय, हे दोन्ही अंक वाचणाऱ्याला स्वच्छ कळत होतं. पुढे आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १९५६ च्या नोव्हेंबरात निघाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठीच. मराठा हातात घेणाऱ्याला आपण तटस्थ पत्र वाचतो आहोत असा भ्रम कधी झाला नसेल.

गोव्याचं उदाहरण तर मला सर्वांत बोलकं वाटतं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं, की केंद्रशासित राहायचं. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता. मडगावचं 'राष्ट्रमत' विरोधात होतं आणि उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर घरोघर वाचलं जात होतं. दोन्ही दैनिकं मराठी. म्हणजे महाराष्ट्रात जाऊ नका हे मराठीतूनच सांगितलं जात होतं, आणि ज्यांना जायचं होतं तेही ते वाचत होते. कौल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी विलीनीकरणाच्या विरोधात गेला. त्या काळातली भाषा जहाल होती, आरोप टोकाचे होते. पण गोव्यातल्या वाचकाला कोणता अंक कोणत्या बाजूचा हे विचारावं लागत नव्हतं.

मात्र त्या जुन्या काळाला सोन्याचा मुलामा देऊन चालणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. मूकनायकाची जाहिरात पैसे देऊन छापावी म्हणून केसरीकडे विचारणा झाली, तेव्हा केसरीने ती छापायला नकार दिला. बाबासाहेबांनी स्वतः ही हकिकत पुढे नोंदवून ठेवली आहे. एका समाजाचं अस्तित्वच पानावर येऊ द्यायचं नाही, हाही पक्षपातच, आणि तो भलत्या बातमीपेक्षा खोल रुजणारा. तो संपला असंही म्हणता येत नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी इंग्रजी-हिंदी वृत्तपत्रं, वाहिन्या, मासिकं आणि संकेतस्थळं यांतल्या नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या. त्यांतल्या १०६ जागांवर तथाकथित उच्च जातींची माणसं होती, अनुसूचित जाती-जमातींतलं एकही नव्हतं. बातमी निवडणारे हात कुणाचे, हा प्रश्न मालक कोण याइतकाच मूलभूत आहे.

आता पैशांकडे वळतो. या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा खटला पुण्याचा आहे. १९५२ साली नेमलेल्या पहिल्या प्रेस कमिशनचे अध्यक्ष न्या. जी. एस. राजाध्यक्ष होते. मोठी भांडवलदारी वृत्तपत्रं कमी किमतीत जास्त पानं देऊन छोट्यांना गिळतात, तेव्हा पानांच्या संख्येनुसार अंकाची किमान किंमत ठरवून द्यावी, अशी शिफारस या कमिशनने केली. त्यातून १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश आला. नानासाहेब परुळेकरांचा 'सकाळ' तेव्हा बहुतेक दिवस सहा पानांचा होता, किंमत सात नवे पैसे, आणि जागेपैकी सुमारे ४० टक्के जाहिरातींसाठी. नवा आदेश पाळायचा तर किंमत वाढवा नाही तर पानं कमी करा. परुळेकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर १९६१ मध्ये न्यायालयाने हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. वृत्तपत्राचा खप कमी करणारं बंधन म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचं बंधन, हे त्या निकालाचं सूत्र. १९७२ च्या बेनेट कोलमन खटल्यात, न्यूजप्रिंटवरच्या निर्बंधांच्या निमित्ताने, तेच सूत्र आणखी पक्कं झालं.

निकाल बरोबर होता असंच मला वाटतं. सरकारने अंकाची पानं मोजायला सुरुवात केली की पुढे ते काय मोजेल सांगता येत नाही, आणि आणीबाणीत ते दिसलंच. तेव्हा मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट'ला सेन्सॉरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं होतं. पण राजाध्यक्ष कमिशनने दाखवलेला धोका त्या निकालाने नाहीसा झाला नाही. नव्वदच्या दशकात टाइम्स समूहाने दिल्लीत अंकाची किंमत उतरवून स्पर्धकांना जेरीस आणलं आणि मग ते लोण सगळीकडे पसरलं. आपल्याकडे तर कूपनं चिकटवा आणि स्टीलचा डबा मिळवा, इथपर्यंत खप वाढवण्याच्या योजना गेल्या. अंकाची किंमत कागदाच्या खर्चालाही पुरेनाशी झाली. उरलेले पैसे जाहिरातदार देतो. बातमीची किंमत ज्याने द्यायची तो वाचक ती देत नाही, आणि जो देतो त्याला बातमी नको असते, जागा हवी असते. जाहिरातदाराचा सगळा प्रभाव या एका गोष्टीतून येतो. त्यासाठी कुणाचा फोन येण्याची गरज नसते.

२००३ मध्ये टाइम्स समूहाने 'मीडियानेट' नावाने मनोरंजनाच्या पुरवण्यांतल्या मजकुराची जागा पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली. पाठोपाठ 'प्रायव्हेट ट्रीटी' आली: कंपनीने जाहिरातींच्या बदल्यात आपले शेअर वृत्तपत्राला द्यायचे. मग ज्या कंपनीचे शेअर आपल्या तिजोरीत आहेत, तिच्याबद्दलची वाईट बातमी छापायची कोणी? सेबीने यावर प्रेस कौन्सिलकडे चिंता व्यक्त केली, आणि अशा कंपनीची बातमी देताना आपला हिस्सा जाहीर करणं बंधनकारक झालं. जाहिरात कंपनीकडून उमेदवाराकडे यायला फार काळ लागला नाही. २००९ ची पानं ही त्याच वाटेवरची पुढची पायरी होती.

प्रेस कौन्सिलने नेमलेल्या परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने २०१० मध्ये या व्यवहाराचा तपशील ७१ पानांत मांडला. उमेदवारांना विकलं जाणारं पॅकेज म्हणजे फक्त स्तुती नव्हती. अमुक इतक्या मुलाखती, अमुक इतक्या सभांची बातमी, प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मजकूर. आणि ज्याने पैसे दिले नाहीत त्याचा पानावरून पत्ता कट, हाही त्याचाच भाग. उपसमितीने वृत्तपत्रांची नावं घेतली होती. कौन्सिलने मात्र जुलैच्या अखेरीस १३ पानांचा गुळमुळीत अहवाल मंजूर केला आणि मूळ अहवाल बाजूला ठेवला. तो लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला आणि २०११ साल उजाडलं. पत्रकारांनी पत्रकारांविरुद्ध केलेली चौकशी पत्रकारांच्याच संस्थेने दडपली, ही घटना मला त्या पॅकेजांपेक्षाही जास्त अस्वस्थ करते. तेव्हा या प्रश्नावर गावोगाव फिरून बोलणारे प्रभाष जोशी नोव्हेंबर २००९ मध्येच गेले होते.

यानंतर निवडणूक आयोगाने जिल्ह्याजिल्ह्यांत माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या नेमल्या. उत्तर प्रदेशच्या उमलेश यादव या आमदार २०११ मध्ये अपात्र ठरल्या. पेड न्यूजमुळे झालेली ती पहिली कारवाई. पण समितीला मजकूर विकत घेतलेला वाटला तर त्याचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो. विकणाऱ्याचं प्रकरण प्रेस कौन्सिलकडे जातं आणि कौन्सिलच्या हातात समज, ताशेरे, निषेध एवढंच असतं. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात पेड न्यूज हा निवडणूक गुन्हा ठरवण्याची शिफारस केली. ती अजून कागदावरच आहे.

मोठ्या समूहांची नावं घेऊन चर्चा थांबते, म्हणून तालुक्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. राज्यातल्या बहुतेक बातम्या जिथून येतात तिथे वार्ताहराला पगार नसतो. मिळतं ते मानधन, तेही अनेकदा प्रवासखर्चाला न पुरणारं. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, १५ ऑगस्ट, नेत्याचा वाढदिवस: प्रत्येकाला टार्गेट. ज्या साखर कारखान्याच्या ऊसबिलाच्या थकबाकीची बातमी त्याने लिहायची, त्याच कारखान्याच्या अध्यक्षांकडे शुभेच्छांच्या जाहिरातीसाठी त्यालाच जावं लागतं. ज्या ग्रामपंचायतीतला घोटाळा त्याला ठाऊक आहे, तिचा सरपंच त्याचा पुरवणीचा ग्राहक. नगरपालिकेच्या निविदांच्या नोटिसा कुणाला द्यायच्या हे मुख्याधिकारी ठरवतो, आणि त्याच्या विरोधात लिहिणाऱ्याच्या पत्राची बिलं सावकाश निघतात. कुणीही त्याला खोटं लिहायला सांगत नाही. काय लिहू नये हे तो आपणच शिकतो, आणि दोन-तीन वर्षांत त्याला ते नैसर्गिक वाटू लागतं. मुंबईच्या वाहिन्यांवर रात्री नऊ वाजता चालणारी आरडाओरड सगळ्यांना दिसते. तालुक्यातली ही शांतता दिसत नाही, आणि जिल्हा परिषदेपासून सहकारी बँकेपर्यंत महाराष्ट्राचा खरा कारभार तिच्याच आडोशाने चालतो.

जो शांत बसत नाही त्याची किंमत वेगळी असते. राजापूर तालुक्यातले शशिकांत वारिशे बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीबद्दल आणि तिथल्या जमिनींबद्दल सातत्याने लिहीत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये, ज्याच्याबद्दल त्यांनी बातमी दिली होती त्याच्याच गाडीने त्यांना उडवलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. तो कायदा २०१७ चा. वारिशे त्यानंतर सहा वर्षांनी मारले गेले.

खासगी जाहिरातीपेक्षा सरकारी जाहिरातीचा फास अधिक घट्ट बसतो, कारण ती वेळेवर न मिळणं हीच शिक्षा असते आणि तिचा कागद कुठेच नसतो. छोट्या साप्ताहिकांचा आणि जिल्हा दैनिकांचा श्वास शासनमान्य यादीवर चालतो. मोठ्यांनाही त्याची झळ बसते. २०१९ मध्ये टाइम्स, हिंदू आणि आनंदबाजार या तीन समूहांच्या केंद्र सरकारी जाहिराती थांबल्याच्या बातम्या आल्या आणि तो विषय लोकसभेतही निघाला. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याखेरीज कुणाचे फोटो नकोत असं बजावलं होतं. दहा महिन्यांत राज्यांच्या फेरविचार याचिकांवर ते बंधन सैल झालं, आणि आता कोणत्याही पक्षाचं सरकार असो, पहिलं पान उघडलं की आधी मंत्र्यांचे चेहरे येतात. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने १० कोटी रुपये खर्चाच्या माध्यम संनियंत्रण केंद्राला मंजुरी दिली. बातम्या सकारात्मक आणि नकारात्मक अशा वेगळ्या काढण्याचं काम हे केंद्र करणार. जाहिरातींचं वाटप आणि बातम्यांची अशी छाननी, दोन्ही माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्याच छताखाली. या दोन कामांत सरकार कधीही सांगड घालणार नाही असं मानायला माझं मन तयार होत नाही. त्यासाठी आजच्या सरकारवर संशय घेण्याचीही गरज नाही. उद्या जे येईल त्यालाही हे यंत्र तयार मिळणार आहे.

मालकीचा विषय याहून उघड आहे, तरी त्याबद्दल संकोचाने बोललं जातं. मराठीत राजकारण आणि वृत्तपत्र ही घरं वेगळी फार क्वचित होती. 'सामना' हे शिवसेनेचं मुखपत्र, नागपूरचा 'तरुण भारत' संघविचाराचा, 'प्रहार' नारायण राण्यांनी काढलेला. 'लोकमत'चे जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते, आणि २००९ च्या त्या वादाच्या वेळी त्यांचे पुत्र राजेंद्र दर्डा काँग्रेसचे नेते व आमदार होते. 'सकाळ'चं व्यवस्थापन परुळेकरांनंतर पुढे शरद पवारांचे बंधू प्रतापराव यांच्याकडे आलं. झी समूहाचे सुभाषचंद्र २०१६ मध्ये भाजपच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले. यांतल्या सामनासारख्या पत्राबद्दल माझी तक्रार सर्वांत कमी आहे. त्याच्या अग्रलेखाशी भांडता येतं, कारण तो कुणाचा आहे ते माहीत असतं. आणि हेही न्यायाने सांगायला हवं, की राजकीय घराण्याच्या मालकीच्या दैनिकांतूनही अनेक बातमीदारांनी निर्भीड कामं केली आहेत.

उद्योगपती मालक असला की गुंता वाढतो, कारण त्याचं हित एका पक्षात नसतं. ते परवान्यांत, लिलावांत, कर्जांत असतं. गोव्यात मुक्तीनंतरची वृत्तपत्रसृष्टी खाणमालकांच्या पैशांवर उभी राहिली. गोमन्तक चौगुले समूहाने १९६२ मध्ये काढला, पुढे तो सकाळकडे गेला. 'नवहिंद टाइम्स' आणि 'नवप्रभा' धेंपे समूहाचे, 'सुनापरान्त' साळगावकरांचं. या दैनिकांनी गोव्याची भाषा आणि साहित्य यांना मोठा आधार दिला, यात वाद नाही. पण लोहखनिजाच्या बेकायदा उत्खननाविरुद्धचा निर्णायक लढा मुख्यतः गोवा फाउंडेशनच्या याचिकांतून आणि न्यायालयांतून लढला गेला. २०१२ मध्ये शहा आयोगाने सुमारे ३५,००० कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज मांडला, सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन थांबवलं, आणि एप्रिल २०१४ च्या निकालात खाणपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती हे स्पष्ट झालं. म्हणजे पाच हंगाम हा माल बंदरांतून जात होता. सांगे-केपेच्या शेतांत गाळ भरत होता, रस्त्यांवर ट्रकांची रांग लागत होती. बातमी शोधायला लांब जाण्याची गरज नव्हती.

देशाच्या पातळीवर हे चित्र दोन व्यवहारांत स्पष्ट झालं. मे २०१४ च्या अखेरीस रिलायन्सने सुमारे ४,००० कोटी रुपयांत नेटवर्क १८ चा ताबा घेतला. मराठीतली आयबीएन लोकमत ही वाहिनी त्याच समूहाशी भागीदारीतली, आणि तिचे संपादक निखिल वागळे त्याच वर्षी तिथून बाहेर पडले. दुसरा व्यवहार एनडीटीव्हीचा. राधिका आणि प्रणय रॉय यांच्या कंपनीने २००९-१० मध्ये विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या एका अपरिचित कंपनीकडून ४०३.८५ कोटींचं कर्ज घेतलं होतं, आणि त्या कर्जाला वाहिनीचा हिस्सा बांधलेला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने ती कर्ज देणारी कंपनीच विकत घेतली. डिसेंबरअखेर रॉय दांपत्याने आपला बहुतेक हिस्साही विकला आणि वाहिनीचा सुमारे ६५ टक्के भाग अदानींकडे आला. वाहिनीचे पत्रकार रवीश कुमार यांनी त्याआधीच, ३० नोव्हेंबरला, राजीनामा दिला होता. मला यात मालकाच्या नावापेक्षा मार्ग लक्षणीय वाटतो. सरकारवर सर्वाधिक टीका करणारी वाहिनी तेरा वर्षं एका कर्जाच्या दोरीने बांधलेली होती आणि तिच्या प्रेक्षकाला ती दोरी दिसत नव्हती.

हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं असं नाही. दुसऱ्या प्रेस कमिशनने १९८२ मध्येच वृत्तपत्रं आणि इतर उद्योग यांची फारकत करा असं सांगितलं होतं. दूरसंचार नियामक ट्रायने १२ ऑगस्ट २०१४ ला माध्यमांच्या मालकीवर सविस्तर शिफारशी केल्या: राजकीय पक्ष आणि सरकारी संस्थांना या व्यवसायात येऊ देऊ नये, उद्योगसमूहांच्या प्रवेशावर मर्यादा असाव्यात, स्वतंत्र नियामक असावा. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये पेड न्यूजवर अहवाल दिला होता. यांपैकी कशाचाही कायदा झाला नाही. काँग्रेसच्या काळात नाही, भाजपच्या काळात नाही. ज्यांनी कायदा करायचा त्यांनाच माध्यमं लागतात, आणि माध्यमांच्या मालकांना ते लागतात. २०१८ मध्ये कोब्रापोस्टच्या छुप्या कॅमेऱ्यांसमोर मोठमोठ्या समूहांचे अधिकारी पैशांच्या बदल्यात धार्मिक प्रचार चालवण्याच्या गोष्टी बोलताना दिसले. नकार देणाऱ्या दोन पत्रांची नावं आली: कोलकात्याचं 'बर्तमान' आणि त्रिपुराचं 'दैनिक संबाद'. दोन्ही प्रादेशिक भाषेतली, दोन्ही मोठ्या समूहांच्या बाहेरची.

संपादक आणि बातमीदार यांच्या बाजूने कायदा पूर्वी थोडा तरी होता. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने नोकरीला संरक्षण दिलं. मग कंत्राटी नेमणुका आल्या. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या उचलून धरल्या, आणि तरीही पगार मागणाऱ्यांना जून २०१७ मध्ये अवमान याचिकेच्या शेवटी कामगार न्यायालयात जायला सांगण्यात आलं. दर वर्षी कंत्राट नवं करून घ्यावं लागणाऱ्या माणसाकडून मालकाच्या हिताविरुद्धची बातमी आपण अपेक्षितो. तो ती देतो तेव्हा त्याचं कौतुक करावं, पण सगळी व्यवस्था त्याच्या धाडसावर टेकवू नये.

इंटरनेटने यातून सुटका होईल असं काही काळ वाटलं. खर्च कमी झाला, मराठीत यूट्यूबवर उत्तम विश्लेषणं येऊ लागली, काही पत्रकारांनी वाचकांच्या वर्गणीवर छोट्या संस्था उभ्या केल्या. पण निवडणूक आली की मोबाइलवर 'आमचा सर्व्हे' सांगणारी कालपर्यंत नसलेली चॅनेलं उगवतात, आणि त्यांना २००९ च्या वृत्तपत्रांइतकाही पत्ता नसतो. सरकारचा यावरचा उपाय म्हणजे सरकारबद्दलच्या बातम्यांत खरं-खोटं काय हे सरकारनेच ठरवण्याचा कक्ष. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत त्यावर मतभेद झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या निर्णयाने ती तरतूद रद्द झाली. हा निकाल मराठी माध्यमांत जितका चर्चिला जायला हवा होता तितका चर्चिला गेला नाही.

मोठ्या नियामकाची वाट पाहत बसण्यापेक्षा एक छोटी गोष्ट आज करता येण्यासारखी आहे. १९५६ च्या नियमांनी प्रत्येक वृत्तपत्रावर एक बंधन घातलं: फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म ४' छापायचा. मालक कोण, प्रकाशक कोण, एक टक्क्याहून जास्त भांडवल कुणाचं. आतल्या पानावर, बारीक टायपात, छोट्या जाहिरातींच्या शेजारी तो वर्षानुवर्षं येत राहिला. त्यात तीन ओळी वाढवाव्यात. गेल्या वर्षी केंद्र, राज्य आणि स्थानिक स्वराज्य संस्थांकडून जाहिरातीपोटी किती पैसे आले. सर्वांत मोठे दहा खासगी जाहिरातदार कोण. कर्ज कुणाचं आहे आणि त्याला काय तारण आहे. हेच वाहिन्यांनी पडद्यावर आणि संकेतस्थळांनी आपल्या पहिल्या पानावर द्यावं. यासाठी सरकारला बातमीत हात घालावा लागत नाही, कुणाचं पान कमी होत नाही, १९६१ च्या निकालाला धक्का लागत नाही. महाराष्ट्राचं माहिती महासंचालनालय तर कायदा नसतानाही आपल्या बाजूचे आकडे उद्या प्रसिद्ध करू शकतं: कोणत्या दैनिकाला, कोणत्या वाहिनीला, किती रुपयांची जाहिरात, दर तिमाहीला. माहिती अधिकाराचा अर्ज करून हे आकडे तुकड्यातुकड्यांनी मिळवावे लागतात, याला कोणतंही सबळ कारण नाही. आणि जी वृत्तपत्रं दुसऱ्यांच्या पारदर्शकतेवर रोज अग्रलेख लिहितात, त्यांपैकी एखाद्याने येत्या मार्चमध्ये हा वाढीव फॉर्म आपणहून छापायला कायद्याची परवानगी लागत नाही.